‘रन’ म्हणजे नेमकं काय करायचं?

पत्राचा सारांश

पत्रलेखिका ३४ वर्षांच्या आहेत. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. पदवीनंतर अकरा वर्षं हिशेब विभागात काम केलं आणि गेल्या वर्षी त्यांची बदली परदेशी ग्राहकांचं काम पाहणाऱ्या गटात झाली. तिथल्या वरिष्ठ दुसऱ्या देशातून काम करतात. बोलणं व्हिडिओ कॉलवर आणि मेलवर, सगळं इंग्रजीतून. दोन महिन्यांपूर्वी एका कॉलच्या शेवटी वरिष्ठ त्यांना म्हणाल्या, ‘प्लीज रन द नंबर्स बाय मी बिफोर फ्रायडे.’ त्यांनी गुरुवारी रात्री उशिरापर्यंत बसून सगळी आकडेमोड पुन्हा तपासली आणि तक्ता थेट ग्राहकाला पाठवून दिला. सोमवारी वरिष्ठांनी विचारलं, ‘मी पाहिल्याशिवाय हे गेलं कसं?’ आकडे बरोबर होते, नुकसान काही झालं नाही. पण तेव्हापासून त्या रोज रात्री शब्दकोशातून ‘रन’चे अर्थ वहीत उतरवून पाठ करत आहेत. सत्तरच्या वर अर्थ झाले, आणि कॉलवर हा शब्द कानावर पडला की आता पूर्वीपेक्षा जास्त गोंधळ उडतो. गटातली तरुण मुलं सराईतपणे इंग्रजी बोलतात, त्यांच्यासमोर तोंड उघडायचीच भीती वाटते. त्या विचारतात : सगळे अर्थ लक्षात ठेवायची काही युक्ती आहे का? क्लास लावावा का? आपलं इंग्रजी कच्चं आहे हे वरिष्ठांना सांगून टाकावं, की जुन्या विभागात परत बदली मागावी?

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी ते एक वाक्य कागदावर लिहून काढलं. तुम्ही पत्रात स्वतःबद्दल पुष्कळ लिहिलं आहे, त्या वाक्याबद्दल फार थोडं. आणि मला वाटतं, काय चुकलं ते शोधायचं तर आधी वाक्यात शोधायला हवं.

‘रन द नंबर्स’ म्हणजे आकडेमोड करून बघणं, हिशेब मांडून काय निघतं ते पाहणं. हिशेब विभागात अकरा वर्षं काढलेल्या माणसाच्या कानावरून हे किती वेळा तरी गेलं असणार. ‘रन समथिंग बाय समवन’ म्हणजे एखादी गोष्ट पुढे जाण्याआधी कुणाच्या तरी नजरेखालून घालणं. आणि ‘बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत. तुमच्या वरिष्ठांच्या वाक्यात ‘रन’ होतं, ‘नंबर्स’ होतं, ‘बाय’ होतं, ‘फ्रायडे’ही होतं. दिवसाच्या शेवटच्या कॉलवर, थकलेल्या कानांनी ओळखीचे तुकडे जुळवले आणि वाक्य तयार झालं : शुक्रवारपर्यंत आकडेमोड करा. ‘बाय’च्या मागोमाग आलेला तो इवलासा इंग्रजी ‘मी’ तेवढा निसटला.

म्हणजे ‘रन’चा अर्थ माहीत नव्हता म्हणून तुमची चूक झाली, असं मला दिसत नाही. एक अर्थ पक्का माहीत होता, म्हणून झाली. ज्याला ‘रन द नंबर्स’ ठाऊकच नव्हतं, तो अडला असता आणि त्याने विचारलं असतं. तुम्ही अडला नाहीत, कारण तुम्हाला वाक्य समजल्यासारखं वाटलं. हे मी समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. दुखणं वेगळं असेल तर औषधही वेगळं लागतं, आणि तुम्ही दोन महिने रोज रात्री जे औषध घेताय ते या दुखण्याचं नाही.

आता तुमच्या वहीबद्दल. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने २०११ साली ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्याने तयार केली, तेव्हा तिच्यात ६४५ अर्थ निघाले. तुमचे सत्तर झालेत. याच गतीने गेलात तरी पुढची दीड वर्षं रात्री ‘रन’लाच द्याव्या लागतील. आणि समजा झाले सगळे पाठ, तरी कॉलवर वाक्य कानावर पडल्यावर पुढचं वाक्य येईपर्यंत हातात फार तर दोन सेकंद असतात. त्या दोन सेकंदांत सत्तर अर्थ चाळून एक उचलायचा म्हटल्यावर गोंधळ वाढणारच. तुम्ही पत्रात लिहिलंय की आता जास्त गोंधळ होतो. ते अगदी खरं आहे, आणि त्यात तुमच्या स्मरणशक्तीचा काही दोष नाही.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनीही हे अर्थ पाठ केलेले नसतात. कसं, ते तुम्हाला आतून माहीत आहे, कारण तुम्ही स्वतः मराठीत रोज हेच करता. ‘लागणे’ हे एक क्रियापद घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, नाद लागतो, दृष्ट लागते, डोळा लागतो. ‘मला लागलं’ म्हटलं की समोरचा जखम कुठे झाली ते बघतो. ‘मला दोन तास लागले’ म्हटलं की कुणी जखम शोधत नाही. ‘मला जावं लागलं’ म्हटलं की नाइलाज कळतो. ‘ती बोलू लागली’ यात तर नुसती सुरुवात आहे. शाळेत कुणी तुम्हाला ‘लागणे’चे अर्थ क्रमांक घालून शिकवले होते का? नाही. शेजारी भूक आली की एक अर्थ, निकाल आला की दुसरा, मागे ‘जावं’ आलं की तिसरा. अर्थ शेजाऱ्यांवरून कळतो आणि तोही विचार न करता. जे. आर. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली जवळजवळ याच शब्दांत सांगून ठेवलंय की शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा. मराठीत आपण माणसांबद्दल जे म्हणतो तेच त्याने शब्दांबद्दल म्हटलं, म्हणून मला ते फार जवळचं वाटतं.

तुमच्या वहीत मात्र ‘रन’ एकटा उभा आहे आणि समोर अर्थांची रांग. शेजारी सगळे काढून टाकलेले. परदेशातल्या कुणी मराठी शिकताना ‘लागणे’समोर चाळीस अर्थ लिहून पाठ केले, तर ‘मला लागलं’ आणि ‘मला जावं लागलं’ यांत त्या व्यक्तीची जी गत होईल, तीच सध्या तुमची होते आहे.

आणखी एक गोष्ट, आपल्या शाळेमुळे डोक्यात बसलेली. आपण सगळ्यांनी ‘रन म्हणजे पळणे’ असं घोकलं. कामाच्या ठिकाणी कुणी पळत नाही, त्यामुळे हा शब्द आला की मन आधी पळण्यापाशी जातं, तिथे काही सापडत नाही, मग गडबडतं. मी नव्याने शिकणाऱ्यांना सांगते, पळणं सोडा, चालणं धरा. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. ‘शी रन्स द कंपनी’, ती कंपनी चालवते. ‘द मशीन इज रनिंग’, मशीन चालू आहे. ‘द कॉन्ट्रॅक्ट रन्स फॉर थ्री इयर्स’, करार तीन वर्षं चालेल. ‘द अ‍ॅड रॅन फॉर टू वीक्स’, जाहिरात दोन आठवडे चालली. बस चालते, धंदा चालतो, सभा चालते, संगणकावरचा प्रोग्राम चालतो. या सगळ्यांना इंग्रजीत ‘रन’ चालतो. वहीतल्या सत्तरांपैकी बरेचसे अर्थ इथेच गळून पडतील, करून बघा.

या चालवण्यात एक बारकावा आहे, तो नोकरीच्या अर्जात नडतो. ‘आय रन द टीम’ म्हणजे गटाची सूत्रं माझ्या हातात आहेत, निर्णय माझे आहेत. गटाच्या कामाचा नुसता मेळ घालत असाल, तर ‘आय कोऑर्डिनेट’ लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

उरलेल्या वापरांपैकी रोजच्या कामात नडणारे तेवढेच घेऊ.

‘करून बघणे’ या अर्थाचा गट तुम्हाला माहीतच आहे : रन द नंबर्स, रन अ टेस्ट, रन अ चेक. यातला ‘रन अ रिपोर्ट’ जरा जपून. ‘कॅन यू रन द सेल्स रिपोर्ट?’ याचा अर्थ सिस्टिममधून विक्रीचा रिपोर्ट काढून द्या. कळ दाबायची, कागद बाहेर. लिहायला बसायचं नाही. ‘कॅन यू राइट अ रिपोर्ट?’ हे दोन दिवसांचं काम आहे. हा फरक न कळल्यामुळे रात्र जागून अहवाल लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत.

‘नजरेखालून घालणे’ या गटात ‘रन इट बाय मी’ आणि ‘रन इट पास्ट मी’ हे जवळजवळ एकच. ‘रन थ्रू’ म्हणजे भराभर वरपासून खालपर्यंत नजर टाकणं : ‘लेट्स रन थ्रू द स्लाइड्स’, म्हणजे एकेका स्लाइडवर मुक्काम करायचा नाही.

आता तुमच्यासाठी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी जोडी. ‘रन इट बाय मी’ आणि ‘रन विथ इट’. ऐकायला सख्खी भावंडं वाटतात. पहिलं म्हणतं, थांबा, आधी मला दाखवा. दुसरं म्हणतं, कल्पना चांगली आहे, आता तुम्हीच पुढे न्या, माझ्यासाठी थांबू नका. एकात परवानगी अजून मिळायची आहे, दुसऱ्यात ती मिळालेली आहे. पहिलं चुकलं तर न तपासलेला कागद बाहेर जातो, तुमचं झालं तसं. दुसरं चुकलं तर माणूस होकाराची वाट बघत बसून राहतो, आणि वरिष्ठांना वाटतं याला कामाची उमेद नाही. ‘रन’च्या ६४५ अर्थांपैकी दोनच शिकायचे असतील तर मी हे दोन निवडेन, कारण या दोन्हींत पुढचं पाऊल कुणी टाकायचं ते ठरतं. बाकीच्यांत चूक झाली तर फार तर थोडा घोटाळा होतो.

संपण्याचा गट आपल्याला सोपा जायला हवा होता, पण क्रिकेटने कान वेगळा तयार केलाय. ‘रनआउट’ म्हटलं की आपल्याला उडालेल्या बेल्स दिसतात. कामात ‘रन आउट’ म्हणजे संपणं. वस्तू स्वतः संपते तेव्हा ‘द स्टॉक हॅज रन आउट’. आपल्याकडची संपली असं म्हणायचं तर मध्ये ‘ऑफ’ येतो : ‘वी हॅव रन आउट ऑफ स्टॉक’. कराराच्या बाबतीत ‘द कॉन्ट्रॅक्ट रन्स आउट इन मार्च’, करार मार्चमध्ये संपतो. तीन वर्षं चालणाऱ्या करारातही ‘रन’ आणि संपणाऱ्या करारातही ‘रन’, फरक फक्त त्या ‘आउट’चा. ‘रन लो’ आणि ‘रन शॉर्ट’ म्हणजे संपत आलंय, अजून आहे.

याच गटात ‘रन डाउन’ आहे, आणि तिथे मी स्वतः चुकले आहे. भाषांतराचं काम सुरू केल्याला वर्ष झालं नव्हतं. एका कारखान्याच्या पत्रात होतं, ‘वी आर रनिंग डाउन द स्टॉक.’ मी मराठीत लिहिलं, साठा संपत आला आहे. वाचणाऱ्यांनी घाईघाईने नवा माल पाठवायची तयारी केली. मूळ पत्राचा अर्थ होता, आम्ही साठा मुद्दाम कमी करत आणतोय, नवा माल नको. माल निघण्याआधी एक फोन झाला म्हणून निभावलं. ‘डाउन’ मी वाचलं होतं, पण वाक्याचा कर्ता ‘वी’ आहे, म्हणजे कुणीतरी हे जाणूनबुजून करतंय, याकडे माझं लक्ष गेलं नाही. तुमचा ‘मी’ निसटला, माझा ‘वी’. इतकी वर्षं झाली, पण ‘रन’ दिसला की मी आजही आधी कर्ता शोधते.

रकमा आणि मापं यांच्यासोबत ‘रन’ आला की ‘इतकं भरणं’ असा अर्थ होतो. ‘द रिपोर्ट रन्स टू फॉर्टी पेजेस’, अहवाल चाळीस पानांचा आहे. ‘द कॉस्ट विल रन इनटू मिलियन्स’, खर्च लाखो-कोटींच्या घरात जाईल. पण तोच ‘रन इनटू’ पुढे ‘प्रॉब्लेम्स’ आले की अडचणींशी गाठ पडणं, आणि पुढे माणूस आला की अचानक भेट होणं. पुन्हा शेजारी. ‘रन अप अ बिल’मध्ये बिल चढवून ठेवलंय. ‘रन ओव्हर’ मीटिंगबद्दल असेल तर ती लांबली आहे. ‘आय अ‍ॅम रनिंग लेट’ लिहिणारा पळत नसतो, त्याला उशीर होतोय.

पळणं शब्दशः उपयोगी पडतं ते नामात, ‘अ रन ऑन द बँक’मध्ये. बँकेवरचा विश्वास उडून ठेवीदार एकदम पैसे काढायला धावतात. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेकडे एका दिवसात सुमारे ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याच्या मागण्या आल्या, तेव्हा हा शब्द जगभरच्या बातम्यांमध्ये होता. मात्र ‘ड्राय रन’ म्हणजे रंगीत तालीम. तिथे धावाधाव नाही.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल, तर एक सांगते. यातलं काहीही तुम्ही बोलायला किंवा लिहायला हवं असं नाही. समजणं आणि वापरणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि तुम्ही त्यांची गाठ मारून ठेवली आहे. समोरच्याने ‘रन’ म्हटलं तर तो समजायला हवा. स्वतः लिहिताना तुम्ही मोकळ्या आहात. ‘रन बाय’ऐवजी ‘शो’ लिहा. ‘रन आउट’ऐवजी करारासाठी ‘एक्स्पायर’, ‘रन अ टीम’ऐवजी ‘मॅनेज’, ‘रन थ्रू’ऐवजी ‘गो ओव्हर’ किंवा ‘रिव्ह्यू’. ही कमीपणाची इंग्रजी नाही. तुमचे ग्राहक वेगवेगळ्या देशांतले आहेत, त्यांतल्या कित्येकांची मातृभाषा इंग्रजी नसणार. त्यांच्यासाठी एकच अर्थ असलेलं क्रियापद ही मोठी सोय आहे. वापरायचाच असेल तर रूपं तेवढी सांभाळा : रन, रॅन, रन. ‘आय हॅव रॅन द रिपोर्ट’ असं बरेच लोक लिहितात. तिथे ‘आय हॅव रन’ हवं.

आता त्या गुरुवारकडे परत येऊ. अर्थाची शंका असो वा नसो, ज्या सूचनेवरून काही तरी कार्यालयाबाहेर जाणार आहे ती आपल्या शब्दांत उलट सांगायची सवय लावा. ‘सो आय विल सेंड द नंबर्स टू यू फर्स्ट, अँड टू द क्लायंट आफ्टर यू चेक देम, राइट?’ यात ‘रन’ म्हणजे काय असं कुणी विचारलेलं नाही. फक्त कामाचा क्रम पक्का केलाय. तुम्ही त्या दिवशी चुकीचं समजून ‘सो आय विल फिनिश अँड सेंड इट टू द क्लायंट बाय फ्रायडे’ असं म्हणाला असतात, तरी वरिष्ठांनी तिथल्या तिथे अडवलं असतं. उलट सांगताना बरोबरच असायला हवं असं नसतं. चूक बाहेर पडावी यासाठीच ते असतं. वैमानिकांना नियंत्रण कक्षाकडून उंचीची, धावपट्टीची सूचना मिळते तेव्हा ती परत म्हणून दाखवणं नियमानेच बंधनकारक असतं. त्यांत इंग्रजी मातृभाषा असलेलेही असतात आणि त्यांनाही सूट नाही.

सूट का नाही, हे चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात सांगितलेल्या एका प्रसंगातून नीट कळतं. अमेरिका युद्धात उतरल्यानंतर ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी एकत्र बसले होते. ब्रिटिशांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचं होतं, म्हणून ते म्हणाले, हे ‘टेबल’ करू या. अमेरिकन इंग्रजीत ‘टेबल’ करणं म्हणजे विषय बाजूला ठेवून देणं. अमेरिकनांना तो विषय महत्त्वाचा वाटत होता, त्यामुळे त्यांनी विरोध केला. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, आणि मग उमगलं की दोघांनाही एकच हवंय. दोन्ही बाजूंची मातृभाषा इंग्रजी. एक साधं क्रियापद. त्यांच्यापैकी कुणी घरी जाऊन वहीत ‘टेबल’चे अर्थ उतरवले असतील असं मला वाटत नाही.

तुम्ही गृहीत धरलंय की चूक शंभर टक्के तुमची. मला ते मान्य नाही. ग्राहकाकडे जाणारे आकडे दुसऱ्या कुणी तरी पाहिल्याशिवाय जाऊ नयेत, हा कामाचा नियम आहे. तो कॉलच्या शेवटी, वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना, बोलीतल्या एका वाक्प्रचारात सांगायचा आणि लेखी कुठेच ठेवायचा नाही, ही तुमच्या गटाच्या कामाच्या पद्धतीतली त्रुटी आहे. उद्या त्या सराईत बोलणाऱ्या मुलांपैकी कुणाकडूनही हेच होऊ शकतं. बोलण्याचा वेग आणि ऐकण्याची अचूकता एकत्र येतातच असं नाही. तुम्ही त्यांचा वेग ऐकता, पण त्यांना काय कळलं ते तुम्हाला दिसत नाही.

म्हणून वरिष्ठांशी बोला, जरूर बोला, पण ‘माय इंग्लिश इज वीक’ हे वाक्य म्हणू नका. ते खोटं आहे, शिवाय त्याचं पुढे काय करायचं हे समोरच्यालाही कळत नाही. एकदा ते कानावर पडलं की पुढच्या प्रत्येक चुकीचं कारण आधीच ठरून जातं. त्याऐवजी नेमकं घडलेलं सांगा : तुमचं वाक्य मी ‘शुक्रवारपर्यंत आकडेमोड करा’ असं ऐकलं, ‘आधी मला दाखवा’ असं नव्हे. आणि लगेच एक मागणी ठेवा : ग्राहकाकडे काय जाण्याआधी कुणी पाहायचं, याची गटासाठी एक लेखी यादी करू या का? समंजस वरिष्ठ असतील तर हे ऐकून त्यांना बरंच वाटेल, त्यांचंही काम हलकं होतं. तुमच्या वरिष्ठ चूक मनात धरून ठेवणाऱ्या असतील (पत्रावरून मला तसं वाटलं नाही, पण तुम्ही जवळून ओळखता), तर मागच्या प्रसंगाचा उल्लेख टाळून नुसती यादीची सूचना मेलवर करा. काम तितकंच होईल.

क्लासचं म्हणाल, तर बोलायची हौस म्हणून, चार माणसांत बोलायचा सराव हवा म्हणून जरूर जा. लाज वाटते म्हणून गेलात तर तिथेही लाजच वाढेल. आणि तुमची अडचण क्लासमध्ये सुटेल असं मला वाटत नाही, कारण तिथली वाक्यं तुमच्या कामातली नसतात.

बदली मागू नका. निदान या कारणासाठी तरी. अकरा वर्षांचा हिशेबाचा अनुभव घेऊन तुम्ही नव्या गटात गेलात, दोन महिन्यांपूर्वी घाईतही आकडे एकूण एक बरोबर पाठवलेत, आणि सोमवारच्या त्या प्रश्नापुढे हे तुम्हाला दिसेनासं झालंय. मला ते पत्रात स्पष्ट दिसलं.

राहता राहिली वही. ती टाकून देऊ नका, उलटी करा आणि मागच्या पानापासून नव्याने सुरू करा. यावेळी शब्दकोश बाजूला ठेवा आणि स्वतःचा मेलबॉक्स उघडा. सर्चमध्ये ‘रन’ टाका. वर्षभराच्या मेलमधून तुमच्या गटातली माणसं प्रत्यक्षात जे वापर करतात ते समोर येतील. माझा अंदाज आहे, दहा-बारा निघतील, त्यापलीकडे नाहीत. १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या मंडळींनी जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली कोबिल्ड हा शब्दकोश केला, तो याच वाटेने. आधी संगणकावर खऱ्या लिखाणाचा मोठा साठा गोळा केला आणि त्यातली वाक्यं पाहून अर्थ ठरवले. तुमचा मेलबॉक्स हा तुमच्या कामापुरता तसाच साठा आहे.

प्रत्येक वाक्य पूर्ण उतरवा. कुणी कुणाला लिहिलं आणि त्यानंतर काय झालं, हेही लिहा. अर्थ मराठीत लिहा, आणि तो शब्दाचा न लिहिता अख्ख्या वाक्याचा लिहा. आठवड्याला चार-पाच वाक्यं पुरे. ‘रन’ आटोपला की ‘मीट’ घ्या. ‘मीट द डेडलाइन’, ‘मीट द टार्गेट’, ‘मीट द कॉस्ट’ यांत कुणी कुणाला भेटत नाही, हे तुमच्या लगेच ध्यानात येईल. मग ‘रेझ’, मग ‘ड्रॉ’. आणि रात्री नको. दुपारी, काम चालू असताना, दहा मिनिटं.

पहिलं वाक्य मात्र शोधायची गरज नाही. ‘प्लीज रन द नंबर्स बाय मी बिफोर फ्रायडे.’ नव्या पानावर वर तेच लिहा, खाली मराठीत ‘आकडे शुक्रवारच्या आत आधी मला दाखवा’ असं लिहा, आणि त्या ‘बाय मी’खाली एक रेघ ओढा.